वाड्याचे पाट, काळा पाइप आणि दहा बाय बाराची खोली : प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

मोजमाप. खोली पुण्यात, मध्यवस्तीतल्या १९८०च्या दशकातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आतून १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. आरसीसीचा सांगाडा, मध्ये विटांच्या भिंती, जमिनीला दहा बाय दहा इंची मोझॅक फरशा. १२ फुटांची पूर्वेची भिंत आतली आहे, पलीकडे दुसरी खोली. पश्चिमेची बाहेरची, पावसाचा मारा खाणारी. तिला हात लावायचा नाही. तिथला गिलावा खरवडला तर पावसाळ्यात ओल थेट आत येईल.

करायचं आहे ते असं : पूर्वेच्या भिंतीवर सहा फुटांची चार फळ्यांची मांडणी, पाइप आणि जुन्या सागाची. शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर टेबल. इनॅमल शेडचे तीन दिवे, वायरिंग उघड्यावर लोखंडी कॉन्ड्युटमधून (तारांच्या नळीतून). नियम एकच : जुनी वस्तू खोलीत आली तर तिने वजन उचलावं, उजेड द्यावा किंवा काहीतरी धरून ठेवावं. नुसतं टांगायला गंजकं चाक घ्यायचं नाही. नव्या लोखंडाला मिठाचं पाणी मारून खोटा गंज चढवायचा नाही; तो गंज थांबत नाही, कपड्यांना लागतो आणि चार महिन्यांत खालच्या फरशीवर तांबडा डाग उतरतो.

बुधवार, ८ जानेवारी

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेलं तर माल अजून पोत्यांतून निघत असतो, नीट उलटून पाहता येतो. सोबत पाच गोष्टी होत्या : टेप, स्पीकरमधलं जुनं चुंबक, टॉर्च, कानशीचा तुकडा आणि पाऊण इंची सॉकेट (आतून आटे असलेला, पाइप जोडायचा तुकडा). सॉकेट आटे तपासायला. पाइपच्या टोकावर हाताने तीन-चार फेरे बसलं आणि मग घट्ट झालं तर आटे ठीक. शेवटपर्यंत सैल फिरलं तर झिजलेत. एका फेऱ्यात अडलं तर एक तर आटे ठेचलेत किंवा ते वेगळ्या मापाचे आहेत. आपल्याकडे पाण्याच्या पाइपचे आटे ब्रिटिश मापाचे, पाऊण इंचाला इंचात १४. परदेशी सजावटीच्या फ्लँजला (पाइप भिंतीला किंवा जमिनीला धरणाऱ्या स्क्रूच्या चकतीला) अमेरिकी आटे असतात. त्यांचेही इंचात १४च, पण आट्याचा कोन ५५ ऐवजी ६० अंश. दोन फेरे बसतं, नंतर अडकतं, आणि पान्याने जोर केला की बिडाची फ्लँज तडकते.

मिळालं ते : पाऊण इंची पाइपचे चार ते पाच फुटांचे सात तुकडे, ११ फ्लँज, ६ टी (तीन तोंडांचे जोड). शिवणयंत्राचा एक पूर्ण स्टँड, एका पायाला तडा गेलेला. १२ इंची इनॅमल शेड तीन, दोन हिरव्या, एक पांढरी.

पाइपवर रंगाचा पट्टा शिल्लक असेल तर तो बघावा : पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. पाऊण इंची हलक्या पाइपची जाडी २.३ मिमी, आटे पाडताना त्यातली साधारण १.२ मिमी जाते. उरलेल्या निम्म्या जाडीवर पुस्तकं ठेवायची नसतात. तुकड्यांपैकी पाच निळे, दोन पट्टा नसलेले. टोकाशी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तेव्हा त्या दोघांची जाडी २.६ भरली, म्हणजे तेही मध्यमच.

रविवार, १२ जानेवारी

लाकूड. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत. पाडलेल्या वाड्यांचं सामान तिथे येतं. सगळ्यांची नजर नक्षीदार दरवाजांवर असते आणि भावही त्यांचाच चढा. मांडणीसाठी खरा माल मागच्या बाजूला, भिंतीला लावून ठेवलेला असतो : कडीपाटाचे पाट. वरच्या मजल्याची जमीन पेलत शे-सव्वाशे वर्षं काढलेल्या सागाच्या फळ्या, सहज नऊ-दहा इंच रुंद. आज नव्या सागात एवढी रुंद अखंड फळी मिळाली तरी तिच्या कडेला पांढरं लाकूड असतं. घुण लागतो तो त्या पांढऱ्यालाच.

निवडलेल्या सातांपैकी एका पाटाचं वर्णन लिहून ठेवतो. वरच्या अंगाला मातीच्या कोब्याची करडी साय, खालच्या अंगाला धुराने आलेला काळा तकाकीदार थर. दर दोन फुटांवर चौकोनी भोकांची जोडी, घडवलेल्या खिळ्यांची. भोकाभोवती निळसर काळं वर्तुळ : सागातल्या टॅनिनची लोखंडाशी झालेली प्रक्रिया. टोक करवतीने दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कापलं, तर आतून मधासारखा रंग आणि तेलकट, चामड्यासारखा वास. असा वास आला की समजावं, आतलं लाकूड जिवंत आहे. वास न येता पिठासारखा भुसा पडला तर पाट परत ठेवावा.

घनफुटाचं माप स्वतः काढावं. ६ फूट बाय ९ इंच बाय सव्वा इंच म्हणजे ०.४७ घनफूट, मांडणीचे चार पाट म्हणजे १.८८. वखारवाला सडलेलं टोक आणि खिळ्यांनी फाटलेली कड धरून मोजतो. 'कापून किती उरणार' यावर भाव ठरवला. टेबलासाठी आठ इंच रुंदीचे, चार फुटांचे आणखी तीन.

तिथेच रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्तात दाखवले. नको म्हटलं. लाकडी स्लीपरला क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) पाजलेलं असतं. उन्हाळ्यात ते सुटतं, खोलीत वास कोंडतो आणि हाताला लागलं तर कातडी चुरचुरते. बाहेर बागेत ठीक, घरात नाही. चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पॅलेटबद्दलही तेच भान हवं : फळीवर 'एचटी' छाप असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. दुसरं घरात आणू नये.

रविवार, १९ जानेवारी

पाट साफ करायला घेतले. आधी चुंबक फिरवलं. सात पाटांत ३१ खिळे निघाले, त्यातले नऊ वरून दिसतही नव्हते. मोडलेल्या खिळ्याभोवती पटाशीने खळगा करून चिमट्याने ओढला, तरी न निघालेला छिन्नीच्या टोकाने खाली ठोकला. हे टाळून रंधा मशीन फिरवलं की पात्याला खाचा पडतात आणि पुढच्या प्रत्येक फळीवर रेघ उमटत जाते.

दोन पाटांवर जुना हिरवा ऑइल पेंट आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१६चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७पासून. म्हणजे वाड्याच्या लाकडावरच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडा सँडर मारायचा नाही. ओला करून खरवडला, खाली प्लास्टिक अंथरून, चांगला मास्क लावून; खरवड पिशवीत बांधली. कॉस्टिक सोडा वापरला असता तर रंग झटकन निघाला असता, पण साग काळाठिक्कर पडतो.

खिळ्यांचे निळे डाग ऑक्झॅलिक अॅसिडने फिके होतात : लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, ब्रशने लावून वीस मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुणं. विषारी आहे, हातमोजे हवेतच. डाग पूर्ण घालवले नाहीत. भोकं लांबीने बुजवायचीही नाहीत. त्यांच्यामुळेच फळी कुठून आली ते कळतं.

रविवार, २६ जानेवारी

घुण आहे का? कागदावर आठवडाभर पाट ठेवले होते. पाच स्वच्छ. दोन पाटांच्या पांढऱ्या कडेखाली मैद्यासारखी बारीक पूड, म्हणजे आत किडा जिवंत. ती कड एका पाटाची पाऊण इंच, दुसऱ्याची अर्धा इंच कापून टाकली. मग सगळ्या पाटांना बोरॅक्स ६० ग्रॅम, बोरिक अॅसिड ४० ग्रॅम, गरम पाणी एक लिटर या द्रावणाचे दोन हात. कापलेल्या टोकांना तीन, कारण लाकूड तिथूनच सर्वांत जास्त पितं. हे औषध पाण्याने निघून जातं. घरात चालतं, गॅलरीत नाही.

सुकायला सावलीत, फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या ठेवून रचले. भिंतीला टेकवून उभे ठेवले की वाकतात.

रविवार, २ फेब्रुवारी

भिंत. मूळ विचार असा की पूर्वेच्या भिंतीचा गिलावा काढून विटा उघड्या करायच्या. एक बाय एक फुटाचा तुकडा आधी काढून पाहिला. गिलावा २० मिमी. आत विटा कच्च्या, नखाने पूड निघते. दोन विटांच्या जागी काँक्रीटचा भराव, आणि वायरची जुनी नाळ आडवी गेलेली. इमारतीचा ठेकेदार वीट रचताना ती गिलाव्याखाली जाणार हे धरूनच रचतो. वाड्याच्या भिंतीसारखी नीटस वीट इथे सापडत नाही. बेत सोडला. तुकडा काढायला अर्धा तास लागला, सगळी भिंत फोडल्यावर कळलं असतं तर पंधरा पोती राडारोडा आणि पुन्हा गिलावा.

त्याऐवजी करड्या चुना-सिमेंटचा पातळ हात. डिस्टेंपर पूर्ण खरवडून मूळ गिलाव्यापर्यंत जायचं. रंगावर हात मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. प्रमाण : १ सिमेंट, १ भिजवलेला चुना, ३ बारीक चाळलेली वाळू. ११४ चौरस फुटांवर ३ मिमी थर म्हणजे ओला माल साधारण ३२ लिटर. त्याला १५ किलो सिमेंट पुरतं, थोडं उरतं. दोन हात, मधे एक रात्र.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोपऱ्यात चार फुटांवर जाळं उमटलं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा. कारण सरळ आहे. गुळगुळीत दिसावं म्हणून दुसऱ्या हातावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवली गेली. वरचा थर नुसत्या सिमेंटचा झाला, तो खालच्यापेक्षा जास्त आकसतो. नीरूचा (गुळगुळीत चुन्याचा) हात देणाऱ्या गवंड्यांची ही सवय असते. आधी सांगून ठेवावं की भुरभुरायचं नाही, गुळगुळीतपणा येईल तो थापीच्या दाबाने आणि वेळेने. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला. सात दिवस दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा. पंखा बंद.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाइपचा हिशेब. पहिला आराखडा होता भिंतीतून फ्लँज, त्यातून दहा इंची पाइप, वर फळी. फोटोत छान दिसतं. गणित मांडलं : पुस्तकांचं वजन मीटरला ३० किलो धरलं तर सहा फुटांना ५५, फळी ९, म्हणजे ६४ किलो. तीन आधारांत मधल्यावर त्यातले ४०. हे वजन भिंतीपासून सरासरी पाच इंच पुढे, आणि फ्लँजच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये अंतर जेमतेम पावणेदोन इंच. वरच्या दोन स्क्रूंवर मिळून ११० किलोच्या वर ओढ. अशा कच्च्या विटेत हे धरणार नाही. आधी फळी पुढे झुकते आणि मग एके दिवशी प्लगसकट बाहेर.

म्हणून वजन जमिनीवर उतरवायचं. पुढे उभा पाइप जमिनीच्या फ्लँजवर. प्रत्येक पातळीला टी, टीमधून मागे भिंतीपर्यंत आडवा हात, टोकाला फ्लँज. भिंतीला आता फक्त अर्धं वजन, तेही खालच्या दिशेने, ओढ नाही. असे तीन उभे, तीन फुटांच्या अंतराने.

दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. आट्यांच्या पाइपची बंद चौकट करता येत नाही. तीन बाजू फिरवून जोडल्या की चौथी फिरवायला जागाच उरत नाही. एक टोक कसताना दुसरं सुटतं. तिथे युनियन (पाइप न फिरवता कसता येणारा जोड) घालावी लागते आणि ती बोजड दिसते. इथे प्रत्येक हात भिंतीच्या फ्लँजवर संपतो, फ्लँज मोकळी फिरते, प्रश्न मिटतो.

लागणारं सामान : टी ९, एल्बो (काटकोनी जोड) ३, फ्लँज १५. पाइपचे तुकडे १२ इंची ३, १४ इंची ९, ९ इंची १२. एकूण २२ फूट ६ इंच. जुने तुकडे भरले ३१ फूट, पण झिजलेली टोकं कापून २४ उरले. कमी पडलेल्या ४ फ्लँज, ३ टी आणि ३ एल्बो नवीन. आट्यांची टोकं ४८. जुन्या आट्यांतले काही वाचले, बाकीचे नवीन पाडून घेतले. पाइप आटे पाडायला देताना तुकड्यांवर खडूने आकडे घालून द्यावेत.

माप काढताना पाइपची लांबी म्हणजे फळ्यांमधलं अंतर नव्हे. पाऊण इंची टीच्या मध्यापासून तोंडापर्यंत ३३ मिमी. पाइप आत जातो साधारण १५. म्हणजे प्रत्येक टोकाला १८ मिमी वाढ. १४ इंची पाइपला दोन टींच्या मध्यातलं अंतर १५ इंच सव्वातीन सूत येतं. आडव्या हाताचा हिशेब उलट लागतो : ९ इंची पाइप लावल्यावर भिंत आणि उभ्या पाइपच्या पाठीत ९ इंच ३ सूत मोकळे राहतात, त्यात ९ इंची पाट बसतो आणि मागे बोटभर हवाही. पाट भिंतीला चिकटवू नये, ओल धरते.

रविवार, १६ फेब्रुवारी

गंज आणि रंग. चार इंची ग्राइंडरला तारेचा कप ब्रश. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. ब्रशवर लिहिलेला आकडा त्याहून जास्त असलाच पाहिजे, नाहीतर तारा सुटून उडतात. चष्मा नव्हे, पूर्ण तोंडाची ढाल.

दोन तुकडे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) निघाले, मळाखाली ओळखू आले नव्हते. त्यांच्यावर इतरांसारखाच रेड ऑक्साइड मारला आणि तिसऱ्या दिवशी नखाने साल निघाली. जस्तावर साधा तेली रंग धरत नाही. जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण होतो आणि रंग खालून सुटतो. पुन्हा खरवडून आधी जस्तासाठीचा एच (etch) प्रायमर, मग रंग. जस्तामुळेच जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पाइपला वेल्डिंगही करू नये. जस्ताचा पांढरा धूर अंगात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

काळ्या पाइपवर एक हात रेड ऑक्साइड, दोन हात मॅट काळा. आटे आधी कागदी टेपने झाकले.

स्टँडला असा रंग नाही. त्यावरचा मूळ काळा लकाकता थर सत्तर टक्के शाबूत आहे. तो घालवणं म्हणजे वस्तूच घालवणं. केरोसिनच्या फडक्याने पन्नास वर्षांचं तेल-धूळ पुसलं, गंजाच्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर नुसत्या काडीने, वर मेण. कन्व्हर्टर गंजाशीच बोलतो. स्वच्छ लोखंडावर किंवा रंगावर लावला तर चिकट डाग राहतो.

तडा गेलेला पाय : हे बीड आहे, साध्या रॉडने वेल्डिंग केलं तर थंड होताना वेल्डशेजारी नवा तडा जातो. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मागून २५ बाय ५ मिमीची पट्टी, चार एम-६ बोल्ट. पट्टी दिसते. दिसू दे. पायटा, म्हणजे पायाने हलवायची पट्टी, एका बोल्टने आडव्या दांडीला जखडला. मोकळा सोडला तर लहान मुलांची बोटं त्यात येतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

टेबलाची फळी. तीन पाट रंधून सव्वा इंचावरून एक इंच केले, कडा जोडून २४ इंच. जुना सागही तेलकट असतो. कड थिनरने पुसून पंधरा मिनिटांच्या आत गोंद लावायचा. पहिला सांधा न पुसता जोडला होता; क्लँप काढल्यावर हाताने उघडला, गोंद काचेसारखा एका बाजूला चिकटलेला. दुसऱ्यांदा पुसून, दर आठ इंचांवर १० मिमी डॉवेल (लाकडी खुंटी). धरला.

स्टँडला ही फळी घट्ट स्क्रूने बांधायची नाही. पुण्याच्या उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत घरातल्या लाकडात तीन-चार टक्के ओल वाढते. साग आडवा दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के फुगतो, म्हणजे २४ इंचांत पाच मिमीपर्यंत. जखडलेली फळी एक तर मधोमध फाटते किंवा बिडाचा कान तोडते. एल-पट्टीला ८ मिमी लांब खाच, त्यात स्क्रू वॉशरसह. उंची वरपर्यंत २९ इंच.

तेल : उकळलेलं जवसाचं, टर्पेंटाइन मिसळून, दोन हात. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. ही फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल हवेशी वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटतो. पाण्याच्या बादलीत बुडवून, मग उन्हात एकेक पसरून.

रविवार, ९ मार्च

दिवे. आपल्या जुन्या इनॅमल शेडचं भोक खटक्याच्या होल्डरसाठीचं असतं, सुमारे २९ मिमी. फिरकीचा होल्डर बसवायचा तर ४० लागतं. भोक मोठं करायला गेलो तर इनॅमलचे टवके उडतात आणि तिथून गंज सुरू होतो. खटक्याचाच होल्डर घेतला, पितळी, अर्थिंगच्या स्क्रूचा. शेड पत्र्याची आहे, म्हणून तीन तारांची केबल हवीच.

कॉन्ड्युट २० मिमी लोखंडी, एकूण १८ फूट, आत १.५ चौरस मिमीच्या तारा, शिवाय हिरवी वेगळी. कॉन्ड्युटच्या आट्यांत रंग गेला की अर्थ तुटतो. सांधे कानशीने साफ करून मल्टिमीटर लावला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक ओहमच्या आत. सर्किट ३० मिलीअँपच्या आरसीसीबीवर (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). जुनी बॅकेलाइटची गोल बटणं मिळत होती. आतले संपर्क जळालेले असतात, घेतली नाहीत. जोडणी परवानाधारक वायरमनकडून.

चौथा दिवा कंदिलाचा. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील, टाकीवर नाव अजून वाचता येतं. टाकीला भोक पाडलं नाही. वातीच्या नळीतूनच तार वर आणली, २ वॅटचा एलईडी. वातीचं चाक अजून फिरतं.

बुधवार, १२ मार्च

रात्री लावून पाहिलं. गुहा झाली. ४ वॅटचे तीन फिलामेंट एलईडी मिळून १२०० ल्यूमेनच्या आसपास, त्यात खोल शेड सगळा उजेड खाली टाकते, आणि करडी भिंत, काळा पाइप, गडद साग मिळेल तो गिळतात. छत काळोखात. या शैलीच्या बहुतेक खोल्या इथेच फसतात, फोटो दिवसा काढलेला असतो. छत आणि उरलेल्या तीन भिंती साध्या चुन्याच्या पांढऱ्या केल्या, आणि मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर मागच्या कडेला सहा फुटांची एलईडी पट्टी वर तोंड करून. छतावरून परतलेला उजेड पुरेसा. वाचायला टेबलावर वेगळा ९ वॅट.

रविवार, १६ मार्च

मांडणी बुधवारच्या आधीच उभी केली होती; नोंद आज. आधी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायर असणार हे धरून ती पट्टी सोडली. भिंत साडेचार इंची, गिलावा २० मिमी; ८ मिमीचं भोक ७५ मिमी खोल, ड्रिलवर टेप गुंडाळून खूण. प्लग गिलाव्याच्या पलीकडे विटेत ढकलायचा. गिलाव्यात राहिलेला प्लग काही धरत नाही. बिट नुसतं फिरवलं, हॅमर बंद, नाहीतर कच्ची वीट भोकाऐवजी खळगा देते.

टी भिंतीकडे तोंड करून थांबली पाहिजे, मग ती अर्धा फेरा जास्त किंवा कमी. एका फेऱ्याला १.८ मिमी. तीन उभ्यांत मिळून चौथ्या पातळीला ३ मिमीचा फरक आला. पाणीपातळीने मोजून कमी असलेल्या हातावर चामड्याची चकती ठेवली, जुन्या पट्ट्यातून कापलेली. फळी हाताला खालून पाइप क्लँपने धरली, तिच्यात आरपार बोल्ट नाही.

मोझॅकला एक घिसाई आणि पॉलिश. एवढंच. उभ्या पाइपच्या फ्लँजखाली रबर, फरशीत स्क्रू नाही.

रविवार, २७ जुलै

पावसाळ्यातली तपासणी. टेबलाची फळी ३ मिमी रुंदावली. खाचेतल्या स्क्रूच्या खुणेवरून मोजलं. सांधे बंद. मांडणीच्या दुसऱ्या फळीला पुढून दीड मिमीची वाटी आली आहे, पुस्तकं सरळ उभी राहतात, सोडून दिलं.

खिडकीजवळच्या तीन टींच्या तोंडाशी, जिथे आट्यांचे दोन-तीन फेरे उघडे राहिले होते, तांबूस गंज. टेप काढल्यावर तिथे रंग लावायचा राहून गेला होता. तारेच्या ब्रशने घासून मेण भरलं. कोकणात किंवा गोव्यात हीच मांडणी करायची तर काळा पाइप घेऊ नये. खाऱ्या हवेत रंगाची एक चूक एका मोसमात सोलते, तिथे गॅल्व्हनाइज्डच घ्यावा आणि जस्त तसंच करडं राहू द्यावं.

टेबलाच्या खालच्या अंगाला हात चिकटतो आणि राखाडी बुरशीचे ठिपके आहेत. वरची बाजू ठणठणीत. खालून तेल लावलं पण पुसून काढलं नव्हतं; जाड राहिलेलं जवसाचं तेल वरून सायीसारखं धरतं, आत ओलंच राहतं, आणि बुरशीला ते खाद्य. आत्ता टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून बुरशी काढली. नवा हात आत्ता नाही, दमट हवेत तोही वाळणार नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की फळी सोडवून, उलटी करून, पातळ एकच हात. तोवर टेबल भिंतीपासून चार इंच पुढे.